पी.एम. (शवविच्छेदन) रिपोर्टमधले ‘मृत्यूचे कारण’ कसे ठरते?

‘हृदयक्रिया बंद पडून मृत्यू’ हे वाक्य आपण इतक्यांदा वाचतो की ते कारणच आहे असे वाटू लागते. पण हृदय आणि श्वास कायमचे थांबणे म्हणजेच तर मृत्यू. विहिरीत बुडालेल्याचे, विजेचा धक्का बसलेल्याचे, क्षयाने खंगलेल्याचे, सगळ्यांचेच हृदय शेवटी थांबते. ते का थांबले, हा खरा प्रश्न आहे आणि न्यायवैद्यक डॉक्टरचे सगळे काम या एका ‘का’भोवती चालते. म्हणून एखाद्या दाखल्यावर ‘हृदय व श्वसनक्रिया बंद’ एवढेच लिहिलेले असेल, तर त्या घरच्यांना कोणी काहीच सांगितलेले नाही, असे मला वाटते.

कारण म्हणजे बहुतेक वेळा एक गोष्ट नसते, साखळी असते. मोटारसायकलवरून पडून एकाची मांडी मोडली. तो अंथरुणाला खिळला, पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी झाली, ती सरकत फुफ्फुसात जाऊन अडकली आणि बाराव्या दिवशी तो अचानक गेला. मृत्यू कशाने झाला? गुठळीने, हे खरे. पण गुठळी मांडी मोडल्यामुळे झाली आणि मांडी अपघातात मोडली. मृत्यूच्या कारणाचा जो वैद्यकीय दाखला असतो (रुग्णालयातल्या मृत्यूसाठी नमुना ४, बाहेरच्या मृत्यूसाठी ४-अ), त्यात एकाखाली एक ओळी असतात त्या याचसाठी. वर तात्काळ कारण, त्याखाली ते ज्यामुळे घडले ते, आणि सर्वांत खाली जिथून साखळी सुरू झाली ते मूळ कारण. डॉक्टरने फक्त वरची ओळ भरली तर अपघाताचा संबंधच कागदावरून नाहीसा होतो, आणि नंतर नुकसानभरपाईच्या दाव्यात घरच्यांना तो सिद्ध करत बसावे लागते.

आणखी एक फरक सुरुवातीलाच नीट समजून घ्यायला हवा. ‘बुडून मृत्यू’ हे कारण झाले. पण माणूस पाय घसरून पडला, त्याने स्वतः उडी घेतली की कोणी ढकलले, हा मृत्यूचा प्रकार झाला. अमेरिकेत मेडिकल एक्झामिनर, म्हणजे अशा मृत्यूंची चौकशी करणारा सरकारी डॉक्टर, हा प्रकारही स्वतः नोंदवतो. आपल्याकडे डॉक्टर कारण सांगतो; अपघात, आत्महत्या की खून हे पोलीस तपासात पुढे येते आणि शेवटी न्यायालय ठरवते. देहावरच्या खुणांवरून डॉक्टर त्यासाठी पुष्कळ काही सांगू शकतो, पण ‘डॉक्टरांनी खून म्हटलेच नाही’ म्हणून त्याच्यावर रागावणे बरोबर नाही. ते त्याच्या अधिकारातच नसते.

शवविच्छेदनाची सुरुवात टेबलावर होत नाही, पंचनाम्यापासून होते. संशयास्पद किंवा आकस्मिक मृत्यूची खबर मिळाली की पोलीस जागेवर जाऊन पंचांसमोर मृतदेहाचा पंचनामा करतात. पूर्वी हे फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १७४ खाली होत असे; १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९४ खाली होते. कोठडीतल्या मृत्यूची चौकशी दंडाधिकाऱ्यांकडे जाते. मुंबईत ब्रिटिश काळापासून कोरोनरचे, म्हणजे अशा मृत्यूंची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याचे, स्वतंत्र न्यायालय होते. ते पद १९९९ मध्ये रद्द झाले. पोलिसांकडे आलेल्या संशयास्पद किंवा आकस्मिक मृत्यूत पी.एम. करायला नातेवाइकांची संमती लागत नाही. ती लागते आजार समजून घेण्यासाठी रुग्णालय स्वतःहून शवविच्छेदन करू पाहते तेव्हा.

पंचनाम्यासोबत पोलिसांचे पत्र आणि थोडक्यात हकीकत डॉक्टरच्या हाती येते. ही हकीकत जितकी नेमकी, तितके शवविच्छेदन नेमके. मण्यारीचे उदाहरण घ्या. पावसाळ्यात घरात जमिनीवर झोपलेल्या माणसाला रात्री मण्यार चावते. दात इतके बारीक की टोचल्याची खूण अनेकदा दिसतही नाही, सूज येत नाही, फारसे दुखत नाही. पहाटे तो पोटात दुखतेय म्हणून उठतो, घशात कसेतरी होते, पापण्या मिटायला लागतात, बोलणे अडखळते. विष नसांचा निरोप स्नायूंपर्यंत पोहोचू देत नाही. श्वासाचे स्नायू थांबतात आणि माणूस जातो. देह उघडल्यावर काय दिसते? रक्ताने तुंबलेले अवयव, बस. तसे ते इतर पन्नास कारणांनीही दिसतात. पोलिसांच्या कागदावर नुसते ‘पोटदुखीने मृत्यू’ असेल तर डॉक्टर पोटातच शोधत राहील. पण कोणीतरी सांगितले की ‘त्याला डोळे उघडता येत नव्हते’, तर तो भिंग घेऊन बोटे, कानामागची जागा, पायाचे घोटे इंच इंच पाहील आणि संशयाच्या जागेची कातडी तपासणीला ठेवील.

मला या लेखात जे सांगायचे आहे ते याच उदाहरणात आहे. मृत्यूचे कारण एकट्या देहात दडलेले नसते. देह, जागा आणि हकीकत या तिन्ही एकमेकांशी जुळतात का हे पाहून ते ठरते.

देहाची बाहेरून तपासणी हा लोकांना कंटाळवाणा वाटणारा, पण फार बोलका भाग. कपडे, त्यावरचे डाग, फाटलेल्या जागा, नखांखालची माती हे सगळे अंघोळ घातल्यावर निघून जाते. म्हणून पोलीस येण्याआधी देह धुऊ नये, कपडे बदलू नयेत. मग मृत्यूची वेळ. मालिकांतला डॉक्टर देहाकडे बघून ‘रात्री साडेअकरा’ असे सांगतो. खरा डॉक्टर तासांचा पल्ला सांगतो आणि तोही सांभाळून. मृत्यूनंतर स्नायू ताठरतात: आधी पापण्या आणि जबडा, मग मान, हात, पाय. साधारण बारा तासांत सगळे शरीर ताठरते आणि त्यानंतर ताठरपणा त्याच क्रमाने उतरत जातो. पण हे थंड-समशीतोष्ण हवेचे गणित. आपल्या उन्हाळ्यात सगळे लवकर येते आणि लवकर जाते. देह थंड होण्याच्या वेगावरून वेळ काढायची पद्धत तर चंद्रपूरच्या मे महिन्यात कोलमडतेच. बाहेर ४५ अंश असताना ३७ अंशांचा देह थंड होणार कसा? तिथे डॉक्टर कुजण्याच्या खुणा पाहतो, उदाहरणार्थ पोटाच्या उजव्या बाजूला खाली येणारा हिरवट डाग. मोठ्या आतड्याचा सुरुवातीचा भाग तिथेच असतो आणि त्यातले जंतू आधी कामाला लागतात.

रक्त गुरुत्वाकर्षणाने खालच्या बाजूला साचते आणि कातडीवर जांभळट डाग उमटतात. काही तासांनी ते पक्के होतात. देह पालथा सापडला आणि पक्के डाग मात्र पाठीवर असतील, तर तो नंतर कोणीतरी हलवलेला आहे. पुष्कळदा घरचे हे डाग पाहून ‘मारहाणीचे वळ’ म्हणतात. डॉक्टर तिथे छोटा छेद देऊन पाहतो: माराने आलेला काळानिळा डाग असेल तर रक्त आजूबाजूच्या मांसात भिनलेले असते आणि धुतले तरी जात नाही, साचलेले रक्त नुसते शिरांमध्ये असते. जखम जिवंतपणीची की मेल्यानंतरची हेही अशाच खुणांवरून ठरते, कारण जिवंत शरीर जखमेला उत्तर देते. तिथे रक्त उतरते, सूज येते, काही तासांत पांढऱ्या पेशी जमतात आणि त्या सूक्ष्मदर्शकाखाली दिसतात.

मग देह उघडतात. हनुवटीखालून ओटीपोटापर्यंत एक छेद, आणि डोक्यावर एका कानामागून दुसऱ्या कानामागे दुसरा. कवटी, छाती आणि पोट ही तिन्ही उघडून पाहायचीच असतात. एका ठिकाणी कारण सापडले म्हणून बाकीचे तसेच सोडणे ही मोठी चूक. प्रत्येक अवयव बाहेर काढून वजन करतात, कापून पाहतात. ज्या मृत्यूत गळ्याचा संशय असतो, तिथे गळा सगळ्यात शेवटी उघडतात. आधी मेंदू आणि छातीतले अवयव काढल्याने मानेतले रक्त उतरून जाते. गळा आधीच कापला तर रक्त ओघळून मऊ भागात पसरते आणि मार नसताना माराचा भास होतो. क्रम चुकला की निष्पापावर गळा दाबल्याचा आळ येऊ शकतो, इतकी ही बारीक गोष्ट महत्त्वाची आहे.

हृदयाचेच बघा, कारण अचानक मृत्यूत पहिला संशय तिथेच जातो. डॉक्टर हृदयाच्या धमन्या दर काही मिलिमीटरवर आडव्या कापून आतला अडथळा पाहतो. पण झटका येऊन माणूस तासाभरात गेला असेल, तर हृदयाचा स्नायू नुसत्या डोळ्यांना जवळजवळ ठीकच दिसतो. स्नायू मेल्याच्या खुणा उमटायला बरेच तास जातात. दुसरीकडे, धमनी पाऊण बंद असलेली असंख्य माणसे रोज कामाला जातात, जिने चढतात. मग धमनीतला अडथळा पाहून ‘हार्ट अटॅक’ लिहायचे कशाच्या जोरावर? ताजी गुठळी सापडली तर प्रश्न नाही. नाही सापडली, तर मेंदूत रक्तस्राव नाही, फुफ्फुसात गुठळी नाही, विषाचा संशय नाही, जखम नाही, असे एकेक दार बंद करत जावे लागते. हृदयविकाराने गेला असे लिहिण्याआधी डॉक्टरने बाकी किती कारणे शोधली, त्यावर त्या निष्कर्षाची किंमत ठरते.

गळ्यावरच्या दोरीच्या खुणेबद्दल लोक बरेच काही ऐकून असतात. फाशीत खूण सहसा गळ्याच्या वरच्या भागात, तिरकी आणि गाठीच्या बाजूला तुटलेली असते. दोरीने आवळून मारले तर ती खाली, आडवी आणि गळ्याभोवती पूर्ण असते. पण दोन्हींना अपवाद आहेत. गळ्यातले कंठास्थी नावाचे छोटे हाड मोडले म्हणजे खून आणि शाबूत म्हणजे आत्महत्या, ही समजूत तर साफ चुकीची आहे. तरुणांत ते लवचिक असते, हाताने गळा दाबूनही अनेकदा मोडत नाही. वय झालेल्यांत फाशीतही मोडू शकते.

बुडालेल्याच्या नाका-तोंडाशी पांढरा बारीक फेस असतो, पुसला तरी पुन्हा येतो; फुफ्फुसे फुगून छाती भरून टाकतात. हे ताज्या देहात. आठवडाभर विहिरीत राहिलेल्या देहात यातले काहीच उरत नाही. तेव्हा मांडीच्या हाडातला मगज काढून त्यात डायटम शोधतात. डायटम म्हणजे पाण्यातले एकपेशीय शैवाल. त्याचे कवच वाळूच्याच द्रव्याचे, सिलिकाचे असते, आम्लातही विरघळत नाही. माणूस पाण्यात पडला तेव्हा जिवंत असेल तर श्वासाबरोबर गेलेले डायटम रक्तातून हाडापर्यंत पोहोचतात. मेल्यावर टाकलेल्या देहात रक्त फिरत नसल्याने ते तिथे जात नाहीत. मात्र त्याच विहिरीच्या पाण्याचा नमुना सोबत हवा. दोन्हींतले डायटम जुळले तरच त्याला अर्थ. पोलिसांनी पाण्याची बाटली भरून घेतली नाही, तर एवढी खटपट अर्धीच राहते. हाडात डायटम नाहीत म्हणून माणूस बुडालाच नाही, असेही म्हणता येत नाही.

जळालेल्या देहाबद्दल एक गोष्ट प्रत्येक घराला सांगावीशी वाटते, कारण ती न कळल्याने माणसे आयुष्यभर पोळतात. अशा देहाचे हात कोपरात वाकलेले, मुठी आवळलेल्या दिसतात, जणू तो कोणाशी झटापट करत होता. ही झटापट नव्हे. अंडे उकडल्यावर त्याचा पांढरा भाग जसा आवळतो, तशी उष्णतेने स्नायूंतली प्रथिने आवळतात, आणि मेल्यानंतर जाळलेल्या देहातही ते तसेच होते. कवटीला तडे जाणेही अनेकदा उष्णतेने होते. माणूस आग लागली तेव्हा जिवंत होता का, हे डॉक्टर श्वासनलिका उघडून पाहतो. आत काजळी असेल आणि रक्तात कार्बन मोनॉक्साइड असेल, तर त्याने त्या धुरात श्वास घेतला होता.

आता विष. देहाच्या वासावरून, डागांवरून संशय येतो, पण ते सिद्ध करायचे प्रयोगशाळेत. जठर आणि त्यातले अन्न, लहान आतड्याचा तुकडा, यकृत, मूत्रपिंड, प्लीहा असे भाग बरण्यांत भरतात; यालाच सगळे ‘व्हिसेरा’ म्हणतात. रक्त वेगळ्या बाटलीत. बरणीत सहसा साध्या मिठाचे संपृक्त द्रावण असते, आणि वापरलेल्या मिठाचा नमुनाही सोबत पाठवतात, म्हणजे मिठातच काही होते अशी शंका राहू नये. सूक्ष्मदर्शकासाठीचे तुकडे मात्र फॉर्मेलिनमध्ये जातात. बरण्या मोहोरबंद करून पोलिसांकडे आणि तिथून मुंबईत कलिन्याच्या किंवा नागपूर, पुणे अशा विभागीय न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळेत. तिथल्या अहवालाला पोलीस आणि डॉक्टर ‘सी.ए. रिपोर्ट’ म्हणतात, म्हणजे रासायनिक विश्लेषकाचा अहवाल.

तो ‘विष आढळले नाही’ असा आला की प्रकरण मिटले असे लोक धरतात. तसे नाही. उलटीतून विष निघून गेलेले असू शकते. रुग्णालयात तीन-चार दिवस उपचार झाले असतील तर शरीराने ते बाहेर टाकलेले असू शकते. काही विषे कुजण्यात नष्ट होतात. इन्सुलिनसारखी गोष्ट नेहमीच्या तपासणीत सापडत नाही, ती मुद्दाम शोधावी लागते. आणि विष पोटातूनच जाते असेही नाही. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना शेतकरी आणि शेतमजूर दगावले. फवारणीतले कीटकनाशक कातडीतून आणि श्वासातून शरीरात जाते. अशा वेळी नुसते जठर तपासून काय हाती लागणार?

विष सापडले नाही तरी विषप्रयोगाने खून सिद्ध होऊ शकतो का, या प्रश्नावर भारतीय न्यायालयांत आजही जो निकाल पुढे ठेवला जातो तो पुण्या-मुंबईतलाच आहे. अनंत चिंतामण लागू विरुद्ध मुंबई राज्य. १२ नोव्हेंबर १९५६ च्या रात्री पुण्यातली एक श्रीमंत विधवा आपल्या नेहमीच्या डॉक्टरबरोबर, म्हणजे या लागूंबरोबर, पॅसेंजर गाडीने मुंबईला निघाली. सकाळी ती बेशुद्धावस्थेत जी.टी. रुग्णालयात दाखल झाली आणि दुपारच्या आत गेली. ज्या नावाने तिला सगळे ओळखत ते नाव रुग्णालयात सांगितले गेले नव्हते. मृतदेह कोणी ताब्यात घेतला नाही. शवविच्छेदन झाले दहा दिवसांनी. रासायनिक तपासणीत विष सापडले नाही. तिला मधुमेह होता, म्हणून मधुमेहाच्या बेशुद्धीने मृत्यू झाला असावा असे मत कागदावर आले. इकडे पुण्यात ती लग्न करून जयपूरकडे राहायला गेल्याची पत्रे तिच्या नावाने लोकांना येत राहिली आणि तिची मालमत्ता डॉक्टरच्या हाती जात राहिली.

सर्वोच्च न्यायालयात तीन न्यायमूर्तींपुढे हे प्रकरण आले. डिसेंबर १९५९ मध्ये दोन विरुद्ध एक अशा मताने लागूंची फाशी कायम झाली. बहुमताचा निकाल न्या. हिदायतुल्ला यांनी लिहिला: मधुमेहाच्या बेशुद्धीची लक्षणे जुळत नाहीत, डॉक्टर असलेल्या माणसाला विष निवडण्याचे ज्ञान आहे, आणि मृत्यूआधीची व नंतरची त्याची वागणूक एकाच दिशेला बोट दाखवते, विष सापडले नाही एवढ्यावरून तो सुटू शकत नाही. न्या. सरकार यांना हे पटले नाही. मृत्यू अनैसर्गिक होता हेच सिद्ध झालेले नाही, असे त्यांचे म्हणणे. मला ही दोन्ही मते वाचण्यासारखी वाटतात. देह गप्प राहिला तर परिस्थितीवर किती विसंबायचे, या प्रश्नाची दोन प्रामाणिक उत्तरे आहेत ती.

सगळे करूनही काही देहांत कारण सापडतच नाही. न्यायवैद्यकाची पाठ्यपुस्तके असे प्रमाण शंभरात दोन ते पाच सांगतात. हृदयाच्या विजेतला बिघाड मागे खूण ठेवत नाही. ओल्या अंगाला बसलेला विजेचा धक्काही कधी कधी डाग ठेवत नाही. अशा वेळी ‘कारण निश्चित करता आले नाही’ असे लिहिणारा डॉक्टर मला भरवशाचा वाटतो. जागा रिकामी राहू नये म्हणून ‘हार्ट अटॅक’ लिहून मोकळे होणे सोपे असते. लिहिलेल्या प्रत्येक शब्दासाठी पुढे त्याला साक्षीच्या पिंजऱ्यात उभे राहावे लागते.

याबरोबर हेही सांगितले पाहिजे की तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात हे काम बहुधा न्यायवैद्यक तज्ज्ञ करत नाही. बाह्यरुग्ण विभाग, बाळंतपणे आणि अपघात सांभाळणारा एम.बी.बी.एस. वैद्यकीय अधिकारीच ते करतो, अपुरा उजेड आणि अपुऱ्या पाण्याच्या शवागारात. गुंतागुंतीचे देह वैद्यकीय महाविद्यालयात पाठवण्याची सोय आहे आणि शंका असेल तर नातेवाइकांनी पोलिसांकडे तशी लेखी मागणी करावी. नोव्हेंबर २०२१ पासून सोय असलेल्या रुग्णालयांत सूर्यास्तानंतरही शवविच्छेदन करता येते, मात्र खून, आत्महत्या, बलात्कार, कुजलेला देह किंवा घातपाताचा संशय अशा प्रकरणांत ते सहसा दिवसाच होते. रात्रभर देह दिला नाही म्हणून डॉक्टरवर धावून जाणाऱ्यांना हे कोणी आधी सांगितलेले नसते.

नातेवाइकांच्या हातात बरेच काही असते. शेवटच्या दोन दिवसांत काय खाल्ले, काय दुखत होते, कोणती औषधे चालू होती, पूर्वी फीट किंवा चक्कर आली होती का, घरात याआधी कोणी तरुणपणी अचानक गेले होते का, हे पोलिसांच्या जबाबात तर यावेच, पण शक्य असेल तर शवविच्छेदन करणाऱ्या डॉक्टरलाही भेटून सांगावे. औषधांची पाकिटे, उलटी पडलेले कपडे, रिकामी बाटली फेकू नये, पोलिसांकडे द्यावी. आणि व्हिसेराच्या तपासणीसाठी डॉक्टरने अंतिम मत राखून ठेवले असेल तर ते आपोआप घरी येत नाही. सी.ए. रिपोर्ट प्रयोगशाळेतून पोलीस ठाण्यात येतो, तो घेऊन तपास अधिकाऱ्याने पुन्हा त्याच डॉक्टरकडे जायचे असते, मग डॉक्टर अंतिम अभिप्राय लिहितो. यात महिने जातात आणि कधी कधी रिपोर्ट येऊनही फाइलमध्येच पडून राहतो. म्हणून आकस्मिक मृत्यूचा नोंद क्रमांक जवळ ठेवावा आणि ठाण्यात दोन प्रश्न विचारत राहावे: सी.ए. रिपोर्ट आला का, आणि तो अंतिम अभिप्रायासाठी डॉक्टरकडे पाठवला का.